भरल्या गाडीची हवा

आमच्या धाकट्या भावाला घरात सगळे 'राजे' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लहानपणी त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यावा लागायचा, आणि पिऊन झाला की तो जिथे बसला असेल तिथेच ठेवून द्यायचा. टोमणा म्हणून ठेवलेलं नाव त्याला मान म्हणून चिकटलं, त्याला मी तरी काय करणार. तर या राजेंनी आयुष्यात पहिल्यांदा घरासाठी काहीतरी आणलं, आणि ते म्हणजे माझ्या गाडीचे चार टायर.

गाडी म्हणजे आमचा छोटा ट्रक. बाबांनी तो उमेदीत घेतला, त्याच्यावर आम्हा दोघांना वाढवलं, आणि मग एक दिवस त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. राजे तेव्हा दुसऱ्या शहरात मोबाइलचं दुकान टाकून बसले होते आणि त्यांना यायला फुरसत नव्हती. आई आधीच गेलेली. मग मी लायसन्स काढलं. गल्लीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली. बाबा मात्र शेजारच्या सीटवर बसून मला रोज घेऊन जायचे, रिव्हर्स घेताना आरशाकडे बोट दाखवायचे, आणि पहिल्यांदा मी एकटीने भरलेला हौदा रिकामा करून परत आणला तेव्हा फाटकात उभे राहून म्हणाले, "या उस्ताद." तेव्हापासून मी त्यांची उस्ताद. कागद त्यांच्या नावावर होते, पण चारचौघांत ते सांगायचे की गाडी हिची आहे, मी नुसता सही करायला. हे ऐकताना मला इतकं बरं वाटायचं की मी उगाचच दुसरीकडे बघायचे.

माझं काम गाद्यांचं. गाद्यांच्या कारखान्यातून माल भरायचा आणि दुकानांत पोचवायचा. गाद्या दिसायला डोंगर, वजनाला काहीच नाही. सकाळी निघायचं, दुपारपर्यंत रिकामं होऊन घरी. मला हे काम आवडायचं. सकाळी केबिनमध्ये मी एकटी असायचे आणि तिथे माझ्याकडे कोणी काही मागायचं नाही.

राजेंचं दुकान बसलं. बायको आणि लहान मुलीला घेऊन ते घरी आले. काय करतोस म्हणून विचारलं की म्हणायचे, बघतोय. काय बघत होते ते कोणालाच दिसत नव्हतं. मी एकदा तोंडावर बोलले, तर वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आणि मग हे टायर आले. जुन्यापेक्षा उंच, रुंद, खोल खाचांचे. राजे म्हणाले, "ताई, कारखान्यामागचा रस्ता किती खराब आहे. गाडी खाली घासते तुझी." घासत होती हे खरं. पण ते त्याच्या लक्षात आलं होतं याचंच मला अप्रूप. मी गल्लीभर सांगत सुटले. रात्री जेवताना त्याला आग्रह करकरून वाढलं. राग जितका लवकर येतो तितकीच लवकर मी विरघळते, हा माझा दुसरा दोष, आणि तोही घरात सगळ्यांना माहीत आहे.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी टायर बसवून दिले. दरवाजाच्या कडेला कंपनीचा स्टिकर असतो, किती हवा भरायची ते सांगणारा. त्यावर बघून त्यांनी पुढे पन्नास पाउंड आणि मागे पासष्ट भरली. दुसऱ्या दिवशी गाद्या भरून निघाले तर गाडी रस्त्यावर टणाटणा उडायला लागली. स्टिअरिंग हलकं लागत होतं, आणि एका वळणावर कोणीतरी पाणी सांडलं होतं तिथे ब्रेक मारला तर मागची चाकं सरळ बाजूला गेली. काही झालं नाही. पण घरी येईपर्यंत मी दुसरा गिअर सोडला नाही.

बाबांना सांगितलं तर म्हातारा एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. काठी टाकून खाली आले. म्हणाले, तो स्टिकर जुन्या टायरांचा, तो आता विसरायचा. टायर मोठा झाला की त्याच्या पोटात जास्त हवा मावते, तेवढंच वजन तो कमी पाउंडात उचलतो. मी म्हटलं, टायरच्या अंगावरही आकडा लिहिलेला आहे, ऐंशी. ते म्हणाले, तो टायर सोसू शकतो त्याचा आकडा आहे, भरायचा नाही. तुला शंभर पोती उचलता येतात म्हणून रोज उचलशील का. मग मी विचारलं, की स्टिकर नाही, टायरवरचा नाही, तर आकडा आणायचा कुठून?

"टायरलाच विचारायचा," बाबा म्हणाले. "खडू आण."

मी भाचीच्या पाटीजवळचा खडू आणला. टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मारायची. मग सपाट, कोरड्या रस्त्यावर गाडी सरळ थोडी चालवायची आणि उतरून बघायचं. रेघ नुसती मधे पुसली गेली तर हवा जास्त आहे, टायर मधे फुगून तेवढ्यावरच चालतोय. कडांना पुसली आणि मधे राहिली तर हवा कमी. सगळीकडे सारखी पुसली की समजायचं, पूर्ण टायर जमिनीला टेकला. आम्ही गाद्या भरून कारखान्याच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर गेलो. आमची रेघ पहिल्यांदा मधेच पुसली, कडा पांढऱ्याशुभ्र. टायर थंड होईपर्यंत थांबलो, थोडी हवा काढली, परत रेघ मारली. असं करत करत दुपार झाली. हवा नेहमी थंड टायरची बघायची, यावर बाबांचा फार कटाक्ष. चालून आलेला टायर गरम असतो, आतली हवा फुगलेली असते, तेव्हाचा आकडा खोटा असतो. गरम टायरची हवा काढली तर टायर थंड झाल्यावर त्यात हवा कमी पडते, आणि ड्रायव्हरला कळतही नाही. हे त्यांनी मला लायसन्सच्या आधी शिकवलं होतं.

शेवटी पुढे छत्तीस आणि मागे अडतीस या आकड्यांवर रेघ छान सारखी पुसली गेली. बाबा फुटपाथवर बसून हसत होते. म्हणाले, "ही तुझी हवा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं की हीच गाडी पूर्ण वजनाने भरलेली असती तर मी किती ठेवली असती. मी टायरच्या वजनाच्या आकड्यांवरून हिशेब केला आणि सांगितलं, पुढे पंचेचाळीस, मागे अठ्ठावन्न. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं परीक्षा घेतायत, आणि पास झाल्याचा आनंद मी परत येईपर्यंत मिरवला.

यानंतर राजे दुपारचे गाडी मागायला लागले. म्हणाले, ताई, हात बसायला हवा, कधी तुला बरं नसेल तर मी जाईन. मला काय, मी दुपारी घरीच. मी किल्ली काढून दिली. संध्याकाळी ते गाडी आणून लावायचे, आणि सकाळी बघावं तर हौदा झाडून लख्ख. मी वहिनीला म्हटलंसुद्धा, की तुझ्या नवऱ्यात सुधारणा दिसते. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. बाबांनीही अंग झटकून कामाला सुरुवात केली होती. दुपारी मी जरा आडवी झाले की अंगणातल्या शेडमधला कंप्रेसर घरघरायला लागायचा. काय करता विचारलं तर म्हणाले, इंजिनावरची धूळ उडवतो. त्यांना पुन्हा गाडीत रस वाटतोय म्हणून मला बरं वाटत होतं. काय मूर्ख होते मी.

कारण सकाळी हवा मोजायचा गेज लावला की चाकांत हवा कमी, मागच्यांत तर फारच. मागे अडतीस ठेवलेली, निघायची बत्तीस-तेहेतीस. मी भरायचे, परत दुसऱ्या दिवशी तेच. नव्या टायरांना हे काय झालं म्हणून मी काकांकडे गेले आणि सरळ भांडायलाच सुरुवात केली, की टायर नीट बसवले नाहीत. काकांनी काही न बोलता मागची दोन्ही चाकं उतरवली, पाण्याच्या टाकीत फिरवली, व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा आला नाही. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने टायरच्या खाचेतून काहीतरी उकरून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. खडीचा तुकडा होता, धारदार, ताजा फुटलेला. दुसऱ्या चाकातूनही दोन निघाले.

"ताई, हवा गेलेली नाही," काका म्हणाले. "काढलेली आहे."

मी म्हटलं, कोण काढेल आणि कशाला. ते म्हणाले, दोन्ही चाकांत सारखीच कमी आहे, म्हणजे गेज लावून काढली आहे. ज्याने काढली त्याला अडतीसच ठेवायची होती, पण टायर गरम असताना ठेवली. टायर थंड झाला आणि आकडा खाली उतरला. मी म्हणाले, गाद्यांच्या फेरीत टायर एवढा गरम कुठे होतो. काकांनी खडीच्या तुकड्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि हात पुसत म्हणाले की त्यांना दुसरं गिऱ्हाईक आहे. काकांना माहीत होतं. मला नंतर कळलं की टायर बसवले त्याच दिवसापासून माहीत होतं.

चाकं परत लावेपर्यंत मी तिथे स्टुलावर बसून होते. डोकं चालत होतं पण ते मला नको तिथे घेऊन जात होतं. राजेंना हवेतलं ओ का ठो कळत नाही. त्यांना व्हॉल्व्हचं टोपण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही विचारावं लागेल. घरात गेज लावून दोन्ही चाकांत सारखी हवा ठेवणारी माणसं दोनच. त्यातली एक मी. आणि दुसऱ्या माणसाने गरम टायरला हात लावायचा नाही हे मला शिकवलेलं. म्हणून मी मनाला सांगितलं की हे शक्यच नाही. बाबा दुसरं काहीही करतील, पण गरम टायरची हवा काढणार नाहीत.

तिथून मी कारखान्यात गेले, दुसऱ्या दिवशीचा माल विचारायला. गोदामातला कारकून माझ्याशी नेहमी चहा घेऊन गप्पा मारायचा. त्या दिवशी तो चाचरत बोलत होता. शेवटी म्हणाला, पहिल्या तारखेपासून नवा ट्रान्सपोर्टवाला येणार, त्याला दुकानांचे रस्ते जरा समजावून सांगाल का. मी विचारलं, नवा कोण, आणि मी कुठे गेले. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुमच्या वडिलांचा फोन आला होता ना. गाडी दुसऱ्या कामाला लावतोय म्हणाले. तुम्हाला घरात सांगितलं नाही?"

मी हो म्हणाले. काय करणार, त्याच्यासमोर रडायचं का? म्हटलं हो, हो, माझ्या लक्षातच राहिलं नाही, आणि चहा पूर्ण प्यायले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काही वेगळं नसतं, माणूस चहा पीत उभा असतो आणि उभा राहायला खाली काही नसतं.

त्या दुपारी मी राजेंना नेहमीसारखी किल्ली दिली. आडवी झाले, डोळे मिटले, आणि कंप्रेसरची घरघर ऐकत राहिले. धूळ उडवायला इतका वेळ लागत नाही. संध्याकाळी गाडी आल्याचा आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि मागच्या दाराजवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आला तो आवाज, सूं करून हवा निघण्याचा, थांबून थांबून, मधे गेज लावून बघणाऱ्या माणसाचा. मी बाहेर गेले.

बाबा मागच्या चाकाशी लाकडी स्टुलावर बसले होते. त्यांचा दुखरा गुडघा बाजूला पसरलेला. राजे हौदा झाडत होते आणि खाली पांढरी भुकटी पडत होती. मी कोणाशी न बोलता टायरला हात लावला. हात ठेववत नव्हता इतका गरम होता.

"गरम टायर, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी गेज खाली ठेवला. वहिनी दारात आली, बघितलं आणि मुलीचा हात धरून आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. त्या घरात, त्या गल्लीत, त्या कारखान्यात फक्त मला एकटीला माहीत नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. राजे बोलले, बाबा गेजकडे बघत बसले. राजेंना खडी क्रशरवर कायमचं काम मिळालं होतं, पण अट अशी की गाडी स्वतःची हवी आणि खडी पेलणारी हवी. दुपारच्या खेपा म्हणजे राजेंची चाचणी होती. टायर राजेंनी आणलेच नव्हते, क्रशरवाल्याने बसवायला दिले होते. मी गल्लीभर ज्याचं कौतुक केलं ते दुसऱ्याच्या खडीसाठी होतं. आणि बाबांनी त्या दिवशी फुटपाथवर बसून माझ्याकडून भरल्या गाडीचा आकडा काढून घेतला होता. ती परीक्षा नव्हती. दुपारी राजे निघायच्या आधी बाबा मीच सांगितलेली हवा भरायचे, कारण कमी हवेवर खडी भरली तर टायर तापून फुटेल आणि पोरगा रस्त्यावर मरेल. संध्याकाळी मला कळू नये म्हणून घाईघाईने काढायचे. टायर थंड व्हायची वाट बघितली असती तर मी बघितलं असतं. मला फसवण्यासाठी माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा गरम टायरची हवा काढली.

त्यांनी मला खोटं सांगितलं, कारखान्याला परस्पर फोन केला, हे सगळं मी कदाचित राग राग करून पचवलं असतं. पण केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या गरम टायरजवळ उभं असताना कळलं.

मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो," बाबा म्हणाले. "योग्य वेळ बघत होतो. त्याला बायको आहे, पोरगी आहे. तू एकटी. तुझं कसंही भागतं." मग मान वर करून, अगदी मायेने म्हणाले, "आणि तू समजूतदार आहेस."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शेवटचा घास भावाला दे, तू समजूतदार आहेस. शाळा या वर्षी राहू दे, तू समजूतदार आहेस. ज्याला काही द्यायचं नसतं त्याला लोक हा शब्द देतात.

"म्हणजे मी स्टेपनी होते," मी म्हणाले. "खरं चाक पंक्चर होऊन पडलं होतं तेवढ्यापुरती लावलेली."

राजे म्हणाले, ताई, असं काय बोलतेस. मी त्यांना सांगितलं की तुम्ही हौदा झाडा, भुकटी राहिली आहे कोपऱ्यात. माझा तोंडाचा पट्टा सुटला की गल्ली ऐकते, पण त्या संध्याकाळी माझा आवाज चढलाच नाही. मी बाबांना म्हटलं, मला एकदा तोंडाने सांगा की गाडी तुझी नाही. कारकुनाकडून, काकांकडून नाही, तुमच्या तोंडून. त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण उचललं, पुसलं, बसवलं, आवळलं. सांगितलं नाही. मी किल्लीची जोडी स्टुलाच्या कडेला ठेवली आणि आत गेले.

त्यानंतरच्या दिवसांत घरात सगळे माझ्याशी फार गोड वागले. वहिनी माझं ताट वाढून ठेवायची. राजे पाण्याचा पेला स्वतः उचलून ठेवायला लागले. बाबा मला हाक मारायचं टाळत होते, कारण कुठल्या नावाने मारायची ते त्यांना सुचत नसावं. महिना संपेपर्यंत किल्ली परत घेऊन मी ठरलेल्या दुकानांत गाद्या पोचवल्या, नव्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ड्रायव्हरला गल्लीबोळ दाखवले, कुठल्या दुकानाचं शटर अडकतं तेही सांगितलं. प्रत्येक दुकानदाराने विचारलं, आणि प्रत्येकाला मी हसून सांगितलं की भाऊ आलाय, आता आराम. इतकं खोटं मी एका आठवड्यात कधी बोलले नव्हते. राजेंच्या दुपारच्या खेपा थांबल्या होत्या, मागच्या चाकांची हवा आता कोणी चोरून काढत नव्हतं. ती शेवटच्या गाद्यांपर्यंत अडतीसच राहिली.

पहिल्या तारखेला राजे सकाळीच तयार होऊन खाली आले. नवा शर्ट, केस विंचरलेले. वहिनीने मुलीला टाटा करायला कडेवर घेतलं. बाबांचा गुडघा सुजला होता, ते खुर्चीवरच बसून होते. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते आणि खाली न बघायचं ठरवलं होतं. तरी बघितलं. राजेंनी गाडी सुरू केली, आरसा सारखा केला, काच खाली केली. गेजला हात लावला नाही. कंप्रेसर लावला नाही. बाबा काहीतरी म्हणायला गेले आणि त्यांनी गच्चीकडे बघितलं. माझी नजर भेटली, तसे ते गप्प बसले.

मला सगळं स्पष्ट कळलं. कंप्रेसर लावला तर गाडी आता खडीची झाली हे माझ्यासमोर मान्य केल्यासारखं होणार, म्हणून सगळे लाजत होते. गाद्यांची हवा, अडतीस पाउंड, आणि त्याच्यावर हौदा भरून खडी. पहिल्या खेपेला टायर तापेल, दुसऱ्या खेपेला मऊ पडेल, आणि उतारावर कुठेतरी फुटेल. फुटला तर क्रशरवाला राजेंना परत दारात उभं करणार नाही. गाडी परत येईल. कदाचित माझ्याकडे येईल. मी गप्प बसायचं होतं, एवढंच. ओला टॉवेल हातात धरून मी हा विचार केला, तो पूर्ण केला, आणि त्याची मला लाज वाटली नाही. कडेवरची पोरगी बापाला टाटा करत होती.

मी जिना उतरून फाटकात गेले आणि गाडीच्या पुढे उभी राहिले. राजेंनी ब्रेक मारला. मी त्यांना खाली उतरायला सांगितलं, कंप्रेसर लावला, नळी ओढली आणि मागच्या दोन्ही चाकांत अठ्ठावन्न भरली, पुढे पंचेचाळीस. टोपणं आवळली. मग राजेंना बोट धरून दाखवलं की गेज कसा लावायचा, व्हॉल्व्हवर सरळ दाबायचा, आणि सांगितलं की सकाळी निघायच्या आधी थंड टायरचीच बघायची, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचीसुद्धा नाही. ते हो हो करत होते आणि माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. गाडी फाटकातून बाहेर गेली. वळताना ती उडाली नाही, डोलली नाही, अगदी बरोबर बसून गेली.

मी नळी गुंडाळायला लागले. बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते, डोळे भरून आलेले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले, "तू त्याला तसं जाऊ देणार नाहीस."

"हो," मी म्हणाले. "तेवढं तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून तर आम्हा दोघांपैकी कोणाच्या हातातून गाडी काढून घ्यायची, याचा तुम्हाला कधी विचारच करावा लागला नाही."